ताट टेकण्याआधी

मावशी: थांब, सिनेमा नंतर लाव. उद्याच्या समारंभातून तुझ्या पदरात काय काय पडणार, ते आधी सांग. मी बोटांवर मोजते.

भाचा: मावशी, हे काय बोलणं झालं? उद्या काकांच्या कामाचा गौरव आहे.

मावशी: माझा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांना हार घातला काय नि नाही घातला काय. तुझं सांग. पुस्तक निघतंय, हे एक.

सूनबाई: विभागप्रमुखाची खुर्ची, दोन. प्राचार्यांनी फाइल अडवून ठेवलीय. म्हणालेत, पुस्तक येऊ दे, मग सही करतो.

भाचा: तू नक्की कुणाची बायको आहेस?

सूनबाई: तुझीच. म्हणून तर माहितीय.

मावशी: तीन?

भाचा: तीन काही नाही.

सूनबाई: तीन, फिल्म संग्रहालयाच्या समितीवर जागा. जुने सिनेमे धुऊनपुसून नवे करतात ना, त्यात खरं काय नि खोटं काय, ते आता हा सांगणार.

मावशी: वा! आणि त्यातलं पहिलंच काम कोणतं?

भाचा: तुला माहितीय, मावशी.

मावशी: मला माहितीय. तुझ्या तोंडून ऐकायचंय.

भाचा: काकांच्या या सिनेमाच्या सुरुवातीच्या पाट्यांना बुरशी लागलीय. नावं वाचता येत नाहीत. संग्रहालय त्या पाट्या नव्याने करणार आहे. कुणी काय काम केलं याचं पत्र मी द्यायचं. आज पाचपर्यंत.

मावशी: आणि ‘संकलन’ या शब्दाखाली कुणाचं नाव जाणार?

भाचा: मूळ पाटीवर जे होतं ते. काकांचं.

मावशी: एकोणीस आठवडे त्या मोरीएवढ्या खोलीत बसून फिल्म कापली मी, जोडली मी. डोळ्यांचा चष्मा तिथे लागला. आणि पाटीवर नाव कुणाचं?

भाचा: तू मदत केलीस, हे मी कधी नाकारलंय का? प्रस्तावनेत आहे की, ‘पत्नीची मोलाची साथ’.

मावशी: साथ! साथ रोगाची असते नाहीतर तबल्याची. बरं, ते राहू दे. माझ्याकडच्या फोटोंच्या परवानगीवर तुला माझी सही हवी आहे ना?

भाचा: हो. इथे, खाली.

मावशी: देते. पण आधी तुझं उद्याचं भाषण मला ऐकव. टीव्हीवर सिनेमा लाव आणि समजावून सांग. मला मेलीला काय कळतंय सिनेमातलं.

भाचा: सगळं नाही हं. माझा विषय फक्त सुरुवातीची सात मिनिटं.

मावशी: आणि पुस्तक किती पानांचं?

सूनबाई: दोनशे चौदा. मीच वाचून चुका काढल्यात.

मावशी: सात मिनिटांवर दोनशे चौदा पानं. सिनेमा काढायलासुद्धा एवढा कागद लागला नव्हता. चल, लाव.

भाचा: हं. बघ, पडदा काळा. ऐक आता. ‘दिग्दर्शक पहिल्याच क्षणी प्रेक्षकाचे डोळे काढून घेतो आणि त्याला केवळ कान देतो. एकतीस सेकंद संपूर्ण अंधार. त्या अंधारात जिन्यावर जड, संथ, पुरुषी पावलं. ही सत्तेची चाहूल आहे. नायिकेच्या आयुष्यावर पडणाऱ्या...’

मावशी: कसली पावलं म्हणालास?

भाचा: पुरुषी. ऐक ना, किती जड आहेत.

मावशी: दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढ. तुझीसुद्धा पडतील पुरुषी.

सूनबाई: म्हणजे?

मावशी: माझी आहेत ती पावलं.

भाचा: काय?

मावशी: शॉट असा होता, की बाई पाण्याच्या बादल्या घेऊन जिना चढते. फार सुंदर आला होता म्हणे. म्हणे, कारण बघितला कुणीच नाही. तुझ्या काकांना मध्येच शंका आली, कॅमेऱ्यात फिल्म फिरतेय का. म्हणून झाकण उघडून बघितलं. भर उन्हात.

सूनबाई: मग काय झालं?

भाचा: उजेड लागला की फिल्म वाया जाते.

मावशी: हे बरोबर सांगितलंस. शिकलायस हो! तर चित्र गेलं. परत घ्यायला फिल्म उरली नव्हती. आवाज तेवढा नंतर भरायचा होता. तर ती नटी रिकाम्या बादल्या घेऊन चढली. रिकाम्या बादल्यांनी पावलं नाचतात रे. म्हणून मी चढले. भरलेल्या घेऊन, अकरा वेळा. आवाज छान आला, चित्र नाही. तुझे काका डोक्याला हात लावून बसले. मी म्हटलं, राहू दे काळंच. लोकांना वाटेल, मुद्दाम केलंय.

सूनबाई: आणि वाटलं की लोकांना.

मावशी: लोकांना वाटलं ते ठीक. लोक तिकीट काढून येतात, त्यांना वाटायचा हक्क आहे. हा पगार घेऊन वाटून घेतो.

भाचा: मावशी, कलाकृतीत हेतू महत्त्वाचा नसतो. परिणाम महत्त्वाचा.

मावशी: मग तसं लिही. तू लिहिलंयस ‘दिग्दर्शक डोळे काढून घेतो’. त्याने डोळे नाही काढले बाबा, झाकण काढलं. पुढे.

भाचा: पुढे हा प्रसिद्ध शॉट. स्वयंपाकघर. कॅमेरा जमिनीलगत. मी मोजमाप करून काढलंय, जमिनीपासून नऊ इंच. ‘ही उंची रांगत्या मुलाच्या नजरेची आहे. घरातल्या मोठ्यांचं जग त्या मुलाला फक्त गुडघ्यांपर्यंत दिसतं.’

मावशी: नऊ इंच बरोबर आहे.

भाचा: बघ!

मावशी: तीन विटा, एकावर एक. तीन-तीन इंचांच्या. तिकाटण्याचा पाय जिन्यात मोडला आदल्या दिवशी. कॅमेरा ठेवायचा कशावर? समोर बांधकाम चाललं होतं, तिथून विटा आणल्या. चौथी आणली असती तर तुझं मूल उठून बसलं असतं.

सूनबाई: मावशी, हसवू नका ना, याचा चेहरा बघा.

मावशी: चेहऱ्याचं राहू दे. मला एक सांग पंडित, त्या घरात रांगतं मूल दिसतं का कुठे? अख्ख्या सिनेमात?

भाचा: नाही. तीच तर अनुपस्थिती आहे. त्यावर वेगळं प्रकरण आहे, चौथं.

मावशी: नसलेल्या मुलाचं बारसं केलंस की रे! पुढे.

भाचा: तू ऐकायचं म्हणालीस. तू ऐकत नाहीयेस, खोडतेयस.

मावशी: बरं, गप्प बसते. हा बघ, हा नवरा आला जेवायला. पाठमोरा. याच्यावर काय म्हटलंयस?

भाचा: ‘पहिल्या सात मिनिटांत नवऱ्याचा चेहरा एकदाही दिसत नाही. दिसते ती रुंद, अभेद्य पाठ. चेहरा नाकारून दिग्दर्शक त्याला व्यक्ती न ठेवता व्यवस्था बनवतो.’

सूनबाई: हे वाक्य मला आवडलं होतं.

मावशी: मलाही आवडलं. पण त्याला रांजणवाडी झाली होती.

भाचा: कुणाला?

मावशी: व्यवस्थेला. डाव्या डोळ्याला एवढी मोठी, लिंबाएवढी. चार दिवस उतरेना. मेकअपने झाकली तर आणखी सुजली. मग पाठ काढली. बिचारा दर शॉटनंतर येऊन विचारायचा, पाठ नीट आली ना?

भाचा: हे तू आत्ता रचतेयस.

मावशी: मला रचायचं काय कारण? रचायचे पैसे तुला मिळतात. आता भिंतीवरची सावली सांग, म्हणजे चहा टाकते.

भाचा: नको. मी नाही सांगत.

सूनबाई: मी वाचते. पान एकतीस. ‘खिडकीतून येणाऱ्या उजेडाने भिंतीवर आडव्या पट्ट्यांची सावली पडते. गज जणू आडवे झाले आहेत. नायिका तुरुंगात आहे आणि तुरुंगही कलंडला आहे.’

मावशी: रंगाऱ्याची शिडी.

सूनबाई: काय सांगता!

मावशी: घरमालकाने बाहेरून रंग काढायला घेतला होता. खिडकीसमोर शिडी. तुझे काका रंगाऱ्याला म्हणाले, शिडी हलवा, इथे कलेचं काम चाललंय. रंगारी म्हणाला, माझंही तेच चाललंय, दुपारपर्यंत चालेल. कलंडला म्हणे तुरुंग! शिडीच्या पायऱ्या आडव्याच असतात.

भाचा: संपलं? की आणखी काही आहे? अकरा वर्षं दिलीत मी या सात मिनिटांना. देशोदेशीच्या परिषदांमध्ये हे वाचलंय. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्यात. आणि तू इथे बसून विटा, शिडी, रांजणवाडी!

मावशी: चिडू नकोस. मी शिडीला नावं नाही ठेवत. अडलेल्याने जे हाताला लागलं त्यातून सिनेमा केला, हीच त्यातली अक्कल. ती अक्कल तू कुठे लिहिलीयस? तुला अडचण दिसतच नाही, सगळीकडे प्रतिभा दिसते. हे म्हणजे लंगडणाऱ्याला विचारायचं, हे नृत्य कुठे शिकलात. बरं, मला आता एकच सांग. या सात मिनिटांत तुला एक तरी चूक सापडली का?

भाचा: एक.

मावशी: कोणती?

भाचा: जाऊ दे.

सूनबाई: पान त्रेचाळीस.

भाचा: अगं, कशाला!

सूनबाई: ‘या निर्दोष आरंभात एकच डाग आहे. नायिका नवऱ्यापुढे ताट ठेवते. ताट टेबलाला टेकण्याआधीच, साधारण बारा चौकटी आधी, दृश्य कापलं जातं आणि ती एकदम खिडकीशी दिसते. हालचाल अर्धवट राहते, आवाज गिळला जातो. संकलनातला हा ढिसाळपणा दिग्दर्शकाच्या शिस्तीला न शोभणारा.’ बारा चौकटी म्हणजे किती, मावशी?

मावशी: अर्धा सेकंद. ढिसाळपणा म्हणालास?

भाचा: मावशी, ते शास्त्र आहे. हालचाल पूर्ण होऊ द्यायची किंवा हालचालीतच पुढचं दृश्य जुळवायचं. ताट खाली येतंय, तर ते टेकलं पाहिजे. पहिल्या वर्षाच्या मुलांनाही मी हेच शिकवतो.

मावशी: शिकव, शिकव. सूनबाई, तू सांग. तू हा तुकडा बघितलास. काय वाटलं?

सूनबाई: मला सिनेमातलं काही कळत नाही, मावशी. मी वीज गेली की लोकांचे फोन घेते. दिवसभर कानाला हेच. पण फोनवर माणूस बोलता बोलता मध्येच थांबला ना, की मला कळतं, खरी तक्रार वीज गेल्याची नाही. घरात काहीतरी आहे आणि त्याने ते गिळलं. मग मी फोन ठेवत नाही. तसंच झालं इथे. ताट खाली येतंय, येतंय, आणि आवाजच नाही. मी आपली कान देऊन बसले. पुढचं काही धड ऐकूच आलं नाही.

मावशी: ऐकलंस, पंडित? पहिल्या वर्षाच्या मुलांना हिच्याकडे पाठव.

भाचा: हा योगायोग आहे. आत्ताच तू सांगितलंस, सगळे अपघात होते. मग हाही अपघातच. फिल्म तुटली असेल तिथे.

मावशी: तुटली नाही, मी कापली. या सात मिनिटांत न अडता, न नडता, पूर्ण शुद्धीत केलेली गोष्ट ही एकच. तुझ्या काकांना ताट आपटायला हवं होतं. आपट, लोकांना कळलं पाहिजे ती चिडलीय. नटीने पहिल्या वेळेला हळूच ठेवलं होतं. टक्. बस. त्यांना नाही पटलं. नऊ वेळा घेतलं, प्रत्येक वेळी जास्त जोरात. मी मशीनवर बसले तेव्हा पहिलंच उचललं, आणि टेकायच्या आधी कापलं.

भाचा: का?

मावशी: ते तू सांग. अकरा वर्षं झालीत.

भाचा: आणि काकांनी चालवून घेतलं?

मावशी: त्यांनी पहिल्या खेळाला, प्रेक्षकांत बसून बघितलं. घरी येऊन आठ दिवस बोलले नाहीत. मग वर्तमानपत्रांत कौतुक छापून आलं, तेव्हा बोलायला लागले. माझ्याशी नव्हे, वर्तमानपत्रांशी.

भाचा: मावशी, मी तुझा शब्द खोटा मानत नाही. पण मी अभ्यासक आहे. संग्रहालयाला पुरावा लागतो. उद्या कुणी विचारलं, कशावरून? तर मी काय सांगू, माझी मावशी म्हणते?

सूनबाई: पुरावा तुझ्याच पुस्तकात आहे.

भाचा: कुठे?

सूनबाई: पान त्रेचाळीस, तळटीप. अक्षर बारीक आहे, मी भिंग लावून तपासलीय ती. ‘या जागेबद्दल विचारले असता दिग्दर्शक म्हणाले: ती कात्री माझी नव्हे.’

मावशी: असं म्हणाले ते?

भाचा: शेवटच्या आजारपणात. मी ध्वनिमुद्रण केलं होतं. मला वाटलं, विनोदाने म्हणतायत.

सूनबाई: आमच्याकडे असं असतं बघ. माणूस म्हणतो, मीटर माझंच, पण हे बिल माझं नाही. मग आम्ही विचारतो, घरात आणखी कोण राहतं? पाटीवर संकलक म्हणून काका. काका म्हणतात, ही कात्री माझी नाही. मग ती खोलीत बसून चालवत कोण होतं? आणि एक कात्री त्यांची नव्हती, तर बाकीच्या हजार कशावरून त्यांच्या?

भाचा: दे ते पुस्तक इकडे.

मावशी: बायको चांगली मिळवलीस हो. हे मात्र तुझ्या हातून अपघाताने झालं.

भाचा: मावशी, आपण मध्यममार्ग काढू. पत्रात मी लिहितो, ‘संकलन साहाय्य’. खाली तुझं नाव. कुणाला धक्का नाही, तुझा मानही राहतो.

मावशी: साहाय्य? एकोणीस आठवड्यांत तुझे काका त्या खोलीत किती वेळा आले, माहितीय? चार. त्यातल्या दोनदा किल्ली शोधायला. साहाय्य केलंच असेल तर त्यांनी केलं.

भाचा: तू माझ्या बाजूनेही बघ ना! पुस्तकाचं नाव ‘एकट्याची नजर’ आहे. एकट्याची! उद्या सकाळी प्रकाशन, आणि आज मीच पत्र देऊ, की नजर एकाची नि हात दुसऱ्याचा? प्राचार्य मला खुर्चीत बसवतील का?

मावशी: उभं राहून शिकव. पाठीला बरं असतं.

भाचा: तुला चेष्टा सुचतेय.

मावशी: चाळीस वर्षं चेष्टाच सुचतेय म्हणून जिवंत आहे. मी तुझ्याकडे पुस्तक मागितलं? हार मागितला? व्यासपीठावर खुर्ची मागितली? एक पाटी मागतेय, तीन सेकंदांची. तीही काळ्या पडद्यानंतर येते. लोक तोवर बसायला जागा शोधत असतात, कुणी वाचतसुद्धा नाही.

भाचा: कुणी वाचत नाही तर मग हवी कशाला?

मावशी: मी वाचेन म्हणून.

सूनबाई: साडेतीन वाजलेत.

मावशी: तुला हवी ती सही देऊन टाकते, आण तो कागद. हे घे. तुझं काम झालं. आता जाण्याआधी एक कर. सिनेमा पुढे ने. शेवटावर.

भाचा: शेवट मला माहितीय. ती घर सोडते.

मावशी: कधी बघितला होतास?

भाचा: विद्यार्थी असताना. वर्गात.

मावशी: एकदा?

भाचा: माझा विषय सुरुवात आहे, मावशी. आमच्यात असंच असतं. जो तो आपला तुकडा धरून बसतो. शेवटावर काम करणारा वेगळा आहे.

मावशी: धन्य! शिंप्याचा एक मुलगा बाह्या शिवायचा, दुसरा कॉलर. सदरा कुणी बघितलाच नाही. घे रिमोट, सूनबाई. अगदी शेवटची दोन मिनिटं.

सूनबाई: ही कुठली खोली?

मावशी: भाड्याने घेतलेली. ती एकटी राहतेय आता. बघ, कोपऱ्यात स्टोव्ह. तिने एकटीपुरतं शिजवलंय. आता बोलू नका.

सूनबाई: ताट काढलं तिने... तेच आहे ना? निळ्या काठाचं?

मावशी: श्श.

(पडद्यावर बाई खुर्ची ओढून बसते. ताट टेबलावर टेकल्याचा हलकासा आवाज होतो. मग पडदा काळा होतो.)

सूनबाई: आला. आवाज आला.

भाचा: परत लाव. थोडं मागे घे.

सूनबाई: तुझा विषय नाही ना तो?

भाचा: लाव म्हटलं ना.

मावशी: पहिल्या वेळेचा तोच ‘टक्’ आहे. सुरुवातीला कापला, तो इथे ठेवला. मध्ये चौऱ्याऐंशी मिनिटं. थिएटरात इथे बायका रडायच्या. तुझे काका म्हणायचे, माझ्या शेवटच्या संवादाने रडवलं. शेवटी संवादच नाही रे, कधी पाहणार तुम्ही? त्या रडायच्या, कारण चौऱ्याऐंशी मिनिटं त्यांचा कान अडकून बसलेला असायचा आणि इथे सुटायचा. का रडलो ते त्यांनाही कळायचं नाही. कळू नये म्हणूनच तर अर्धा सेकंद.

भाचा: हे कुणीच लिहिलेलं नाही, मावशी. कुणीच.

मावशी: सुरुवातवाला वेगळा नि शेवटवाला वेगळा. लिहिणार कोण?

सूनबाई: आणि ते कापलेलं चित्र? ते टाकून दिलं?

मावशी: त्या चष्म्याच्या डबीत बघ. तळाशी, कापडाखाली.

सूनबाई: ही पट्टी? बोटभर आहे.

मावशी: उजेडाला धर. बारा चित्रं मोज. शेवटच्यात ताट टेकलंय.

भाचा: हात लावू नकोस, ठसे उमटतील. कडेने धर. मावशी, यावर पेन्सिलीने काहीतरी लिहिलंय.

मावशी: ‘शेवटी’ असं लिहिलंय. कापलं त्या दिवशीच लिहून ठेवलं होतं, विसरू नये म्हणून. तुला पुरावा हवा होता ना?

भाचा: लॅपटॉप दे इकडे.

सूनबाई: पाचला अजून अवकाश आहे.

भाचा: दे. ‘सप्रेम नमस्कार. आपल्या पत्रास अनुसरून’... संकलन. मावशी, नाव कसं लिहू? काकांचं नाव मध्ये घालू?

मावशी: माझंच लिही, नुसतं. त्यांचं नाव आधीच चार पाट्यांवर आहे.

भाचा: लिहिलं. पण एक सांगतो, नंतर म्हणू नकोस. पुस्तक छापून झालंय, पान त्रेचाळीस आता बदलता येत नाही. उद्या लोक पाटी बघतील आणि मग पान वाचतील. अंधार काकांचा, विटा काकांच्या, रांजणवाडीसुद्धा काकांची. बाईंचं काय? तर ती एक चूक.

मावशी: तेवढंच माझं आहे. असू दे.

भाचा: मी पाठवतोय हं. मग मागे घेता येणार नाही.

मावशी: विचारतोयस कुणाला? मला की तुझ्या खुर्चीला?

भाचा: गेलं.

सूनबाई: आणि उद्याचं भाषण?

भाचा: माहीत नाही. विटांपासून सुरू करेन बहुतेक. प्राचार्य उठून जातील.

मावशी: जाऊ देत. मागच्याला नीट दिसेल.

सूनबाई: मावशी, मला एक सांगा. हे निळ्या काठाचं ताट घरातलंच होतं ना? अजून आहे का ते? मला बघायचंय.

मावशी: चिनी मातीचं ते, नवव्या वेळेला फुटलं. आपट आपट म्हणत होते ना. मग शेवटच्या प्रसंगासाठी तुकडे चिकटवून घेतलं. सांधा दिसू नये म्हणून नटीने त्यावर अंगठा ठेवलाय, बघ. नंतर ते काही जेवायच्या कामाचं राहिलं नाही.

भाचा: यावर तर मी... ‘अंगठ्याची पकड’ म्हणून एका मुलीचा प्रबंध आहे आमच्याकडे.

मावशी: असू दे. तिलाही खुर्ची मिळेल.

सूनबाई: संच होता का तो?

मावशी: सहाचा. सासरे, सासूबाई, दोघे दीर आणि याचे काका. पाच उरली, ती पाच जणांना पुरली.

सूनबाई: आणि तुम्ही?

मावशी: मी शेवटी बसायची. एक ताट कमी झालंय, हे त्या घरात कुणाला कळलंच नाही.